रानलसूण आधी निवडायची, मग चिरायची

आणि वर मलाच नावं ठेवतात. म्हणे वहिनींनी ट्रिपचा विचका केला. कोणी केला ते इथेच लिहिते, कारण फोन कोणी उचलत नाही आणि ग्रुपवर लिहिलं की हसरी तोंडं येतात.

जायचं मीच काढलं होतं. मे महिना लागला की मिशिगनच्या वरच्या अंगाला जंगलात लसणीसारखी पात येते. इथले लोक रॅम्प्स म्हणतात, मी रानलसूण म्हणते. आमच्या जुन्या शेजारीण हेलनबाई आता तिकडेच राहतात, रान त्यांचं. तुम्ही जाल तर विचारून जा, सगळीकडे तोडू देत नाहीत.

आमच्या नोव्हाय गावाहून सकाळी निघालो. मी, आमचे हे, धाकटे दीर संदीपभावजी आणि जाऊ मीनल. चारेक तासांचा रस्ता. शेवटी कच्चा आहे आणि फोनला रेंज नाही, गाडीत गॅस आधीच भरा. रात्रीपुरत्या घेतलेल्या लाकडी केबिनमध्ये शेगडी होती, चौघांत वाटून भाडं परवडलं. गारठा मात्र हाडात शिरतो.

झाडं अजून उघडी आणि खाली जमीन हिरवीगार. हेलनबाईंनी बजावलं, एका रोपाचं एकच पान घ्यायचं, कांदा मातीत राहू द्यायचा. आणि देठ बघायचा. रानलसणीचं पान आपल्या बारीक, लालसर देठावर वेगळं उभं असतं. दोन पानं एकमेकांना गुंडाळून वर आली असतील तर हात लावायचा नाही, ते दुसरंच रोप, विष.

भावजींना देठ बघायला वेळ कुठला? म्हणाले, "वहिनी, चुरगळा आणि वास घ्या. लसूण आली की आपली."

अहो, दहा पानं तोडली की बोटांनाच लसणीचा वास लागतो. मग गवत चुरगळलं तरी लसूणच येणार. अर्ध्या तासात त्यांची पिशवी भरली.

संध्याकाळी केबिनवर मी माझी पात निवडायला बसले, एकेक पान उलटंपालटं करून. भावजींनी त्यांची न निवडताच निम्मी चिरली. उरलेल्यात मला एक जोडी दिसली, पानात पान गुंडाळलेलं. साबणाने हात धुतले, मग चुरगळलं. लसणीचा वास अजिबात नाही. मीनल चिरलेलं ऑम्लेटमध्ये घालायला निघाली होती, मी तवाच उचलला. त्या रात्री ब्रेड खाल्ला सगळ्यांनी.

सकाळी ती जोडी हेलनबाईंना दाखवली. त्यांचं सगळं इंग्रजी मला कळत नाही, पण त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मान हलवली, ते कळलं. मग ह्यांनी सांगितलं, हृदय बंद पडतं, शिजवूनही विष जात नाही, पूर्ण पिशवी फेका.

केबिनवर येऊन बघते तर भावजींनी उरलेलीही चिरून, मीठ-तेल लावून, पाकिटं भरून बर्फाच्या कूलरमध्ये टाकलेली. आता त्यातून काय निवडणार?

"एक पान होतं, ते तुम्ही काढलं. विषय संपला," भावजी म्हणाले.

"एक मला दिसलं," मी म्हटलं.

मी कूलरला हात घातला, तर ह्यांनी मनगट धरलं. भावाच्या वस्तूला हात लावू नको म्हणे. कूलर तसाच गाडीत चढला आणि भावजींच्या घरी गेला.

घरी आल्यावर माझ्या पातीची थालीपिठं केली. लसणीपेक्षा गोड, कांद्यापेक्षा तिखट, असली चव दुसऱ्या कशाला नाही. पण एकेक पान स्वतः निवडलेलं असूनही पहिला घास तोंडाशी नेताना हात थांबला. एवढंच आणलं मी तिकडून.

आता मीनलने ग्रुपवर टाकलंय, रविवारी सगळ्यांनी जेवायला या, रॅम्प्सची चटणी आहे. लहान मुलं येणार आहेत.

भावजी, शनिवारी संध्याकाळपर्यंत ती पाकिटं कचऱ्यात गेली की नाही ते मला सांगा, हो किंवा नाही. उत्तर आलं नाही तर रविवारी तुमच्या दारात मी उभी असेन, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला हीच गोष्ट सांगेन.