भरल्या पाण्यातली दुष्काळपाहणी

कावेरीच्या मुखाकडचा मुलूख बघायला जाणार असाल तर जरूर जा, पण मी गेलो तसं सरकारी कामावर जाऊ नका. साठच्या दशकातली गोष्ट. मद्रासला अड्यारमध्ये बिऱ्हाड, नोकरी पावसाची आकडेवारी ठेवणाऱ्या कचेरीत. टोकाच्या एका तालुक्याची दुष्काळपाहणी निघाली आणि साहेबांबरोबर जायला कुणी तयार होईना. मी हो म्हटलं, कारण बायको तिकडच्याच जुन्या मराठी घरातली, तिच्या मामांची शेती तिथेच होती. साहेबांना हे आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग तुम्ही जास्तच गप्प राहायचं."

संध्याकाळी एग्मोरला गाडीत बसलं की सकाळी मायावरम. स्टेशनावरची कॉफी अजिबात चुकवू नका. पुढे समुद्राच्या दिशेने बस. सुरुवातीला कालव्यांत थोडं पाणी दिसलं, मग नुसता ओलावा, टोकाला भेगाळलेला गाळ. मी साताऱ्याचा. आमच्याकडे दसऱ्याला पाऊस आटोपतो, इथे तेव्हा त्याची वाट बघायला सुरुवात होते. त्या वर्षी धरणाचं पाणी टोकापर्यंत पोचलं नाही आणि दिवाळीचा पाऊसही फिरकला नाही. भात निसवतानाच फुलोरा करपला. आता पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, तोंडावर आला होता.

मामांकडे उतरायचं नाही, हे ठरवूनच गेलो होतो. डाकबंगल्यात साहेबांना खोली मिळाली, मी व्हरांड्यात पथारी टाकली. मामींनी पाठवलेला चिंचेचा भात मात्र खाल्ला, खोटं कशाला बोलू?

त्याच संध्याकाळी गावात कोडुम्पावी निघाली. गवताचा माणूस करून त्याला दोरीने गल्लोगल्ली ओढतात, बायका मयताला रडावं तशा ऊर बडवून रडतात आणि वेशीबाहेर त्याला जाळतात. गावाचं पाप जळलं की पाऊस येतो म्हणे. या वेळी बाहुलं जळायच्या आधीच ढग फुटले. पोरं नाचायला लागली. मामा माझ्या शेजारी भिजत उभे होते, चेहरा उतरलेला.

"इतके दिवस कुठं मेला होता हा? उद्या तुमचा सायब बघायास येणार, आणि आज आला!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाऊस मोजायचं ते भांडं कलंडलं, असं सांगता येत नाही काय, माप्पिळे?" जावयाला ते तमिळमध्येच हाक मारत.

"नाही मामा."

मला त्यांचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली. एवढ्या एका पावसाने महिन्याची सरासरी भरून निघणार होती. कागदावर दुष्काळ नाही, म्हणजे शेतसाऱ्याची माफी नाही. कणगीत दाणा नसताना गावाने तो भरायचा कुठून?

सकाळी डाकबंगल्याच्या आवारातल्या त्या भांड्यातलं पाणी मोजलं, आकडा जसाच्या तसा साहेबांना दिला. जीप रस्त्यावर थांबली. दोन्हीकडे शेतांत पाणी तुंबलेलं, धुऊन निघालेलं हिरवंगार भात.

साहेब हसले. "याला दुष्काळ म्हणायचं?"

मामा बांधावर हात जोडून उभे होते. माझंच डोकं सटकलं.

"साहेब, बूट काढा आणि खाली उतरा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे कान तापले. पण उतरले. मी एक लोंबी तोडून त्यांच्या हातात दिली. एरवी या दिवसांत भाताचा दाणा दाबला की बोटाला दूध लागतं. त्यांनी दाबला. नुसतं टरफल चपटं झालं. पुढच्या बांधावर तेच, त्याच्या पुढच्याही. सगळं शेत पळींज, पोकळ.

"हा पाऊस केव्हा हवा होता?" त्यांनी मामांना विचारलं.

"दिवाळीला, सार."

साहेबांनी पाय पुसून बूट चढवले. मद्रास येईपर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. नोकरी गेली, हे मी धरूनच चाललो होतो.

नोकरी राहिली आणि माफीही मंजूर झाली. घरी बायकोने पायसम केलं. आता रस्ते उत्तम आहेत. तुम्ही जाल तेव्हा गाडीच्या खिडकीतून हिरवं रान बघून हुरळून जाऊ नका, बांधावर उतरा. मी मात्र त्या सकाळचा आनंद फार दिवस मिरवू शकलो नाही.

उन्हाळ्यात मामा आमच्याकडे आले. एरवी स्वतःच्या शेतातल्या तांदळाचं पोतं घेऊन येत, या खेपेला हात रिकामे. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर तांदळाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिले. जन्मात पहिल्यांदाच. आपला नंबर आल्यावर त्यांनी मूठभर तांदूळ हातात घेतला, हुंगला आणि परत पोत्यात सोडला.

जेवताना बायकोने दोनदा आग्रह केला. मामांनी भात पुन्हा घेतला नाही.