पुढं बावन्न, मागं छप्पन्न

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत चाकाला चढवायची लोखंडी धाव मिळेनाशी झाली आणि आमची चूल थंडावली. अण्णा, म्हणजे माझे वडील, येरमाळ्याजवळच्या खेड्यात बैलगाड्या करायचे. धाव नाही तर चाक नाही, चाक नाही तर गाडी नाही. कुणाचं मोडकं औत नीट करून दिलं की पसाभर जोंधळे यायचे, त्यावर पाच माणसं. आई रोज कण्या शिजवायची आणि रोज म्हणायची, "आज भूकच न्हाय मला."

अशा घरातून मी हैदराबादेला जाऊन शिकलो, पदवी घेऊन आलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी आजही ठणकावून सांगतो. पण धाराशिवच्या कचेऱ्यांत खेटे घालून चपला झिजल्या, नोकरी लागली नाही.

तेवढ्यात शेजारच्या गावच्या देशमुखांनी अण्णांना बोलावलं. त्यांना दोन माणसांची, बिनटपाची, पळणारी मोटार हवी होती. दोन भंगार मोटारी त्यांनी आमच्या दारात आणून टाकल्या. एकीचं इंजन आणि मागचा आख धड होता, दुसरीचा पुढचा.

"मिस्त्री, ही पळाली तर माझ्या सगळ्या वस्त्यांचं सुतारकाम कायमचं तुमचं."

अण्णा घरी येऊन आईला एवढंच बोलले, "जन्माची भाकरी हाय ही."

बाभळीचा सांगाडा आम्ही दोघांनी केला. आता चूक कशी झाली ते सांगतो. गावातल्या साऱ्या बैलगाड्या एका चाकोरीत चालायच्या, कारण प्रत्येकीचा आख आमच्या घरातल्या एकाच गजावर मापलेला असायचा. लाकडी चाकं सगळी एकाच घडणीची. आख जुळला की चाकं जुळली, हे अण्णांच्या हातात मुरलेलं. त्यांनी मोटारीचे दोन्ही आख गजाला लावले. तंतोतंत सारखे. मीही कागदावर आकृती काढून मान डोलावली. पण लोखंडी चाकं दोन मोटारींची, दोन घडणींची. मागच्यांचा रबर आखाच्या टोकावरच बसला, पुढच्यांचा दोन-दोन इंच आत. जमिनीवर पुढं बावन्न इंच भरत होते, मागं छप्पन्न. जमिनीवर आम्ही मोजलंच नाही.

अण्णांना शंका आली होती. मागं उभं राहून ते म्हणाले, "ढुंगणात जरा फुगीर दिसती रं."

"पळायच्या मोटारी तशाच असतात अण्णा. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

त्यांनी गज कोपऱ्यात टेकवला. पदवीपुढं माघार घेतली.

देशमुख स्वतःच चालवायला बसले. सडकेवर मोटार झकास पळाली, पोरंबाळं ओरडत मागं धावली. मग ते वस्तीच्या वाटेला वळले. पावसाळा सरून काळ्या मातीतल्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळल्या होत्या. पुढची चाकं चाकोरीत उतरली, मागची काठावर चढली. मोटार हिसके देत तिरकी चालू लागली, शेपूट फिरवली आणि बोरीच्या जाळीत घुसली. देशमुखांचं मनगट मोडलं.

"मिस्त्री, मोटार सांगितली होती मी. खेकडा केलात तुम्ही!"

पारावरून एकजण बोलला, "लेक लई शिकलाय न्हवं? तिरकं चालायचं हैदराबादेत शिकवत्यात जणू."

बैल जुंपून मोटार ओढत घरी आणली. त्या दिवसापासून अण्णांकडं कुणी औतसुद्धा आणेना. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

"अण्णा, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. नाही म्हणतील अशी माझी आशा होती.

मी एकट्यानं जमिनीवर मापं घेतली. भंगारातल्या लोखंडाच्या दोन इंच जाड चकत्या लोहाराकडून करून घेतल्या, पुढची चाकं आणि आखाची टोकं यांच्या मधे बसवल्या. पहिल्या खेपेला बोल्ट आखूड पडले, दुसऱ्या खेपेला भोकं जुळेनात. महिने गेले. तोवर मुलखात दंगली-लुटालुटीची धामधूम माजली आणि देशमुख घरदार घेऊन हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीपलीकडं बार्शीला निघून गेले. मी निरोप धाडला की मोटार नीट होतेय. उलट निरोप आला, "जाळा ती." अण्णा ते ऐकून कूस बदलूनही बघेनात.

तरी मी चकत्या बसवल्या. अंगणात राख पसरली. आई आणि मी मोटार ढकलली. चकत्यांविना राखेत चार रेघा उठल्या असत्या, आता दोनच उठल्या. आईनं विचारलं, "झालं का रं?" मी घरातल्या अण्णांना हाक मारली, ते आले नाहीत. देशमुखांच्या वस्त्यांचं काम आम्हाला कधीच मिळालं नाही आणि अण्णांनी लाकूड तासायचा वाकस पुन्हा हातात धरला नाही.

पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर मी सारखं केलं.