पिंपळाखाली ठेवलेले फोटो

रविवार म्हणजे आराम, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या ग्रुपमध्ये येऊ नये. पगार नाही, चहा स्वतःचा, वरून हाताला काचा लागतात. किस्से मात्र भरपूर! सोमवारी ऑफिसात डबा उघडला की कोणीतरी विचारतंच, "काल काय सापडलं?" मी सांगायला लागतो. सांगता सांगता इतके किस्से जमले, की कोणता आधीचा आणि कोणता नंतरचा हे आता माझं मलाच धड सांगता येत नाही. बायको म्हणते, "देव उचलाले जाता का गोष्टी वेचाले?"

आम्ही काय करतो ते आधी सांगतो. अमरावतीहून वलगावकडे निघालं की रस्त्याला, नाल्याच्या कडेला एक जुना पिंपळ आहे. घरातल्या देवाच्या फोटोची काच तडकली, ओल लागून रंग उडाला, की तो फोटो काही कचऱ्यात टाकता येत नाही. मग माणसं तो या पिंपळाखाली आणून ठेवतात, हात जोडतात आणि निघून जातात. झाली देवाची सोय! पुढे ऊन, पाऊस, कुत्री, आणि काचा सगळ्या नाल्यात. तिथं पाणी प्यायला उतरलेल्या म्हशीचा पाय कापलेला मी पाहिला आणि त्या दिवसापासून डोकं फिरलं.

आम्ही तिघं. मी पाटबंधारे खात्यात कारकून. सुधाकर काकांचं शहरात फोटोफ्रेमचं दुकान होतं, आता तिथं त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. आणि विजू, वलगावचा माळी, भाजी आणि झेंडू पिकवतो. रविवारी सकाळी आम्ही फोटो उचलतो. काच, पट्ट्या, खिळे वेगळे करतो. कागद पाण्याच्या ड्रममध्ये भिजवतो आणि त्याचा लगदा नाल्याकाठी लावलेल्या कडुनिंबांच्या आळ्यात घालतो.

*

पहिल्या रविवारी तर विजूही नव्हता. मी आणि काका, दोघांच्याही अंगात उत्साह संचारलेला. पिंपळाखाली दिसेल ते उचललं, खिळे काढले, कागद ड्रममध्ये. दुपारपर्यंत झाडाखाली एक कपटा ठेवला नाही.

पिंपळाला लागून एका पंक्चरवाल्याची टपरी आहे. रविवारी तो उशिरा येतो, हे आम्हाला काय माहीत! आला आणि बुंध्याकडे पाहून ओरडला, "माहा मारोती कोण नेला बे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बुंध्याला टेकवलेला तो मारोती कोणी सोडून दिलेला नव्हता. तो रोजच्या पूजेतला होता! रोज टपरी उघडायच्या आधी त्याला उदबत्ती लागायची. आणि आता तो ड्रममध्ये बाकीच्या देवांबरोबर भिजून एकजीव झालेला.

काकांनी त्याच दिवशी घरी जाऊन मारोतीचा नवाकोरा फोटो मढवला. सोनेरी पट्टी, जाड काच. पंक्चरवाल्याने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "चांगला हाय काका. पण याची-माही वळख नाई."

पुढचे कितीतरी दिवस तो आमच्या ड्रमलाच उदबत्ती लावत होता!

*

विजू आला तो असाच, एका रविवारी सायकल टेकवून उभा राहिला. "मले बी घ्या तुमच्यात." आम्ही खूश. झाडाझुडपांची आवड असलेला माणूस मिळाला म्हटलं.

पण त्याचं काम फार हळू. प्रत्येक फोटो उचलायचा, गळ्यातल्या दुपट्ट्याने पुसायचा, चेहरा नीट पाहायचा, मग पुढे द्यायचा. काकांचा स्वभाव तापट. ते शेवटी म्हणाले, "काय करून राह्यला बे? कोणता देव पाह्यजे तुले?"

"देव नाई काका," विजू म्हणाला. "माय पाह्यजे."

मग त्याने सांगितलं. त्याचा मोठा भाऊ अमरावतीत राहतो. पोरीच्या लग्नाआधी घर रंगवायला काढलं. रंगाऱ्यांनी भिंतीवरचे सगळे फोटो उतरवून एका पोत्यात भरले. वहिनीने सांगितलं, जुने देव आहेत, कोणत्या तरी झाडाखाली नीट ठेवून या. त्या देवांमध्ये विजूच्या आईचा फोटोही गेला. हार घातलेला होता ना, रंगाऱ्याला काय कळणार! कोणतं झाड म्हणून विचारलं तर तो एवढंच म्हणाला, "पिंपळ होता."

आईचा तो एकच फोटो. कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून स्टुडिओवाल्याने मोठा केला होता. मूळ फोटो राहिला नाही, तो स्टुडिओही राहिला नाही. नातेवाइकांचे मोबाइल धुंडाळून झाले. पुतण्याच्या वाढदिवसाच्या एका फोटोत केकच्या मागे भिंत दिसते. भिंतीवर फ्रेमचा खालचा कोपरा दिसतो, हाराचं टोक दिसतं. चेहरा नाही.

"वहिनी लय रडली," विजू म्हणाला. "तिले काहून बोल लावू? मुद्दाम केलं का तिनं?"

काका त्यानंतर त्याला कधीच घाई कर म्हणाले नाहीत.

*

सुधाकर काका स्वतःची फ्रेम लांबूनही ओळखतात. पट्टीचा सांधा पाहिला की, "हे माह्या हातची." इतक्या वर्षांत अर्ध्या शहराचे देव त्यांनीच मढवलेत, त्यामुळे दर रविवारी चार-दोन भेटतातच. सुरुवातीला त्यांना वाईट वाटायचं. मग सवय झाली.

एकदा एक मोठी लक्ष्मी सापडली. काच शाबूत, रंग शाबूत, कुठं काही बिघडलेलं नाही. काकांनी ती पालथी केली आणि खालीच बसले.

"काय झालं काका?"

"साळ्याच्या वास्तुशांतीले देल्ली होती. मीनंच."

आम्हाला हसू आवरेना. काकांनी घरी जाऊन काकूला एक शब्द सांगितला नाही, तिच्या भावाची गोष्ट, उगाच घरात महाभारत! लक्ष्मी पुसली, नवी दोरी बांधली, आणि त्याच साळ्याच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा आहेरात तीच दिली.

"त्यानं वळखली?" मी विचारलं.

"त्यानं? म्हणे, 'दाजी, तुमचे फोटो म्हणजे एकदम क्वालिटी!'"

*

हळूहळू ऑफिसात बातमी पसरली आणि माझा घात झाला. "साहेब, तुमी रविवारी जाताच ना, एवढा आमचा दत्त घेऊन जा." रोज कोणीतरी टेबलाखाली एक पिशवी सरकवतं. स्वतः पिंपळापर्यंत जायचं कोणाला नको. श्रद्धा आहे, पण होम डिलिव्हरी पाहिजे!

मी त्या पिशव्या घरी आणून पोर्चमध्ये पोत्यात ठेवतो. बायकोने पहिल्या दिवशी बजावलं, "घराच्या आत आणाचे नाई. एकदा आत आले का त्याइले निरोप द्या लागते."

मान्य केलं. दोन-तीन दिवसांनी सकाळी पाहतो तर पोत्यापुढे उदबत्ती, आणि द्रोणात साखरफुटाणे.

"हे काय?"

"काय म्हणजे? दारात आले तं उपाशी ठेवाचे का?" ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. माझी बायको उपासतापास करणाऱ्यातली नाही, मंदिरातही क्वचित जाते. पण पोतं भरलेलं असलं की तिचा साखरफुटाणा चुकत नाही. मला तिचं हे फार आवडतं. तिला सांगितलं नाही अजून.

*

काचा न्यायला अकोल्याहून रफिकभाई येतात. त्यांचा भंगारचा धंदा. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली, "भाई, तस्वीर पूरी निकाल के देना. मेरे गोदाम में लोगों के पाँव लगते हैं, मुझे गुनाह मत लगाओ."

आम्ही तेव्हापासून काळजी घेतो. तरी एकदा गडबड झालीच. एका आठवड्याने रफिकभाई परत आले ते हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. दोन्ही हातांनी धरलेलं, तान्हं बाळ धरावं तसं. उघडलं तर एका बाईचा आणि पुरुषाचा जुना फोटो, लग्नातला असावा. आमच्या एका फ्रेममध्ये गणपतीच्या मागे पुठ्ठ्याऐवजी तोच घातलेला होता आणि आम्ही गणपती काढून बाकीचं तसंच दिलं होतं.

"पीछे पड़े थे बेचारे," रफिकभाई म्हणाले. "किसी के माँ-बाप होंगे."

काकांनी मान खाली घातली. पुठ्ठा नसला की फ्रेमवाले गिऱ्हाइकाचाच जुना फोटो पाठीला लावून मोकळे होतात. त्यांनीही केलं होतं कधीकाळी.

त्या फोटोवरून शोध घेतला. मागे स्टुडिओचा शिक्का होता, बाळापूरचा. रफिकभाईंनीच तिथं विचारपूस करून तो घरच्यांना पोचवला. मी त्यांचं कौतुक करत होतो आणि विजू तिकडे काहीच न बोलता आधीच रिकाम्या केलेल्या फ्रेमा पुन्हा घेऊन बसला होता. एकेकीचा मागचा पुठ्ठा उघडत होता. मला त्याच्याकडे पाहवेना.

*

एकदा एक म्हातारी आली. नऊवारी, पायात स्लिपर, पदराखाली फोटो. आम्हाला खिळे उपटताना पाहिलं आणि तिथंच थबकली.

"काय करून राह्यले रे देवाचं?"

मी समजावून सांगायला लागलो. पर्यावरण, नाला, काचा, कडुनिंब. माझं भाषण चांगलं पाठ झालेलं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या हाती नाई देत मी." तरी गेली मात्र नाही. बाजूच्या दगडावर बसून राहिली.

बऱ्याच वेळाने तिने विजूला हाक मारली. "बाबू, खिळे तेवढे काढून दे. बाकी मी करतो."

विजूने खिळे काढले. कागद तिने स्वतः सोडवला. विठ्ठल-रुक्मिणी होते, कपाळावर कुंकवाचे थर चढलेले. तिने ते ड्रमपाशी नेले, पाण्यात सोडले, आणि न्हाऊ घालावं तसं हाताने हळूहळू दाबत राहिली. कागद विरघळेपर्यंत हात बाहेर काढला नाही.

"लग्न होऊन आली तवापासून उभे हायेत माह्यासाठी," ती म्हणाली. "आता निजू द्या त्याइले."

त्या दिवसापासून मी भाषण बंद केलं. आता नुसतं विचारतो, "तुमी सोडता का पाण्यात?"

*

आणि हा शेवटचा.

पावसाळ्याचे दिवस. पिंपळाखाली पाणी साचलेलं. काकांनी एका ढिगातून एक फ्रेम ओढली आणि मोठ्यांदा ओरडले, "विजू!"

हार होता. सुकलेला, पण होता. विजू चिखलातून धावत आला. फ्रेम हातात घेतली, दुपट्ट्याने काच पुसली. खोटं कशाला सांगू! मी मनातल्या मनात त्या सगळ्या भिजलेल्या देवांना म्हणत होतो, एवढं करा.

हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. मोठं कुंकू, कानात बुगड्या, कॅमेऱ्याला घाबरलेले डोळे.

विजूची माय नव्हती.

काकांनी मागचा पुठ्ठा काढून पाहिला. नाव नाही, शिक्का नाही. मी फोटोचा फोटो काढून दिसेल त्या ग्रुपवर टाकला. पंक्चरवाल्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. कोणी आलं नाही.

"देवाचं काय करायचं ते आपलं ठरलं हाय," काका म्हणाले. "माणसाचं काय करावं?"

मी म्हटलं, झाडाखालीच ठेवू. आपला विजू शोधतो तसं कोणी हिलाही शोधत असेल, तर इथंच येईल.

"पावसात?" विजू म्हणाला. त्याने फ्रेम दुपट्ट्यात गुंडाळली, सायकलला बांधली आणि गेला. पंक्चरवाल्याला मात्र जाताना सांगून गेला, कोणी विचारत आलं तर वलगावला माझ्या घरी पाठव.

सर्वपित्री अमावस्येला विजूने मला आणि काकांना जेवायला बोलावलं. वडे, कढी, लाल भोपळ्याची भाजी. आत गेलो तर भिंतीवर तीच बाई. नवी फ्रेम, नवी काच. मी काकांकडे पाहिलं, तर ते कढीचं भांडं बघत होते. फोटोला विजूच्या मळ्यातल्या झेंडूचा ताजा हार होता आणि समोर केळीच्या पानावर सगळं वाढलेलं.

अंजनगाव सुर्जीहून विजूचा मामा आला होता. म्हातारा, काठी टेकत आत आला. बहिणीचा फोटो सापडला असंच त्याला वाटलं असावं. भिंतीजवळ गेला, चष्मा वर केला, खूप वेळ पाहत राहिला.

"विजू," तो म्हणाला, "हे आपली बाई नोहे रे. कोण होय हे?"

विजू पानावर वडा ठेवत होता. त्याने मान वर केली नाही.

"माईत नाई मामा. पण माही माय बी अशीच कोणाच्या तरी घरी असन. आज तिचं बी पान वाढलं असन कोणी."