काकांनी अडवलेली जागा

आमचं शहर नव्या राज्याची राजधानी नवं नवं झालं तेव्हाची गोष्ट. शंकर नगरात दर दुसऱ्या बंगल्यावर कुठल्या ना कुठल्या ऑफिसची पाटी चढत होती. अशाच एका बंगल्यात आमच्या लोखंडाच्या कंपनीचं ऑफिस होतं, कारखाना शहराबाहेर सिलतराला. मी तिथे कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायला लागले होते. घरी वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, भाऊ शिकत होता, आणि पहिल्या पगारापासून माझी मान जरा ताठच झाली होती.

कंपनीने मोठ्या हौसेने सगळ्या कामांचा मिळून एक प्रोग्राम आणला. पगार त्यात, माल त्यात, ट्रकचा गेटपासही त्यातच. पण असा प्रोग्राम आपला होत नाही, वापरायचा परवाना तेवढा मिळतो, तोही माणसं मोजून. आमचा पाच जणांचा होता. एका वेळी पाचच आत, सहावा बाहेर. या असल्या विक्रीचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. सकाळी घरात न्हाणीघरापुढे होतं तशी आमची गत व्हायची. मग पद्धतच पडली: काम आटोपलं की बाहेर पडायचं आणि मोठ्याने ओरडायचं, "निकला!" लगेच दुसरा कोणी आत शिरे.

तरी दुपारपर्यंत नुसती बोंबाबोंब. पगारवाले अडलेले, खरेदीवाले माझ्या नावाने खडे फोडताहेत. शेवटी साहेबांनी बोलावलं. "मैडम, लाइसेंस बढ़ाने पड़ेंगे. बजट तो उतना ही है, आपकी पोस्ट उसी में जाएगी." म्हणजे एक तर नवे परवाने, नाहीतर मी. मी "जी सर" म्हटलं आणि बाहेर येऊन पाणी प्यायले.

मग मुख्य मशीनवर आत कोण कोण आहे ते पाहत बसले. तीन नावं हलतच नव्हती: डिस्पॅचचे काका आणि त्यांचे दोघे जोडीदार. तिघंही त्या दिवशी सिलतराला गेलेले!

काकांवर माझा भारी जीव. विदर्भातून आलेलं त्यांचं घर, वडिलांचं इथल्याच पंडरी बाजारात कापडाचं दुकान होतं. रोज डब्यातली चटणी आधी माझ्या पोळीवर वाढायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. त्यांनी काम संपवलं. प्रोग्रामने नेहमीसारखं विचारलं, खरंच बाहेर पडायचं का? काकांनी शांतपणे 'नाही'वर बोट ठेवलं आणि स्क्रीन तेवढा मालवला. शेजारच्या दोघांनीही तेच केलं.

"काका, हे काय?"

"काय म्हणजे? तिन्हीसांजेचं ते विचारून राहिलं, बाहेर पडू का म्हणून. अन मी हो म्हणू? आमचे बाबा दुकानसुद्धा बंद करतो नाही म्हणत, वाढवतो म्हणत."

मला हसावं की रडावं कळेना. मी सगळं सांगितलं: अडलेल्या जागा, साहेब, माझी नोकरी. काकांचा चेहरा उतरला.

"आधी काहून नाही सांगितलं मले?" ते म्हणाले. "मायी जागाच काढून टाक. मी हातानं लिहीन गेटपास. पण तू कुठी जाऊ नको."

"जागा काढायची नाही हो, फक्त बाहेर पडायचं."

त्यांनी स्क्रीन परत लावला, प्रोग्रामला पुन्हा विचारू दिलं. मग हात जोडले, घरातून निघताना म्हणतात तसं म्हणाले, "येतो बरं," आणि 'हो' दाबलं. दोघा जोडीदारांनीही हात जोडले. पुढे रोज संध्याकाळी डिस्पॅचमधून आधी "येतो बरं" आणि मग "निकला" ऐकू येई. साहेबांना वाटायचं, पूजा चालली आहे. नवे परवाने काही घ्यावे लागले नाहीत. माझी नोकरी राहिली, आणि डब्यातली चटणीही.

काका निवृत्त झाले त्या दिवशी शाल, नारळ, समोसे सगळं झालं. हार गळ्यातच होता, तसेच ते खुर्चीवर जाऊन बसले. प्रोग्रामने विचारलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "येतो बरं, पोरी." आणि बटण दाबलं. "निकला" मात्र त्यांनी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाचातली एक जागा मोकळी. जिच्यासाठी आम्ही एकमेकांच्या अंगावर धावून जायचो ती जागा तशीच रिकामी, आणि मला काम सुचेना. दुपारी पगारवाल्या भैयाने हाक मारली, "दीदी, एक सीट खाली दिख रही है. कौन निकला?"

"कोई नहीं निकला, भैया," मी म्हटलं. "आता हूँ बोलके गए हैं."