पाचवा प्रश्न

पेपर तपासायचा कंटाळा आला की आमच्या स्टाफरूममध्ये किस्से निघतात. पेपर संपत नाहीत, त्यामुळे किस्सेही संपत नाहीत. अमरावतीच्या या कॉलेजात भूगोल शिकवताना माझी बरीच वर्षं गेली. प्रश्नपत्रिका पाहून विषय कळेलच असं नाही. ती काढणाऱ्याला काय हवं होतं, ते मात्र लगेच कळतं.

*

इतिहासाच्या बोंडे सरांना सगळे पास हवे असतात. ‘नापास पोराचा बाप दुपारी माझ्या दारात येऊन बसते. मले झोपू देत नाही!’

एकदा त्यांनी आठ प्रश्न दिले. वर सूचना : कोणतेही दोन सोडवा. थोड्या वेळानं एक मुलगा उभा राहिला.

‘सर, दोन येत नसतील तर?’

‘मंग एकच लिही न बाप्पा! पण अक्षर मोठं काढ!’

*

अर्थशास्त्राच्या इंगळे मॅडमचं वैर राजापेठेतल्या एका क्लासवाल्याशी. परीक्षेआधी तो पोरांना ‘आयएमपी’ प्रश्न वाटायचा. मॅडम ती यादी मिळवायच्या आणि तिच्यातला एकही प्रश्न पेपरात घ्यायच्या नाहीत. क्लासवाला दोनदा तोंडावर आपटला. मग एकदा भाजीच्या गाडीपाशी भेटला.

‘मॅडम, यंदा तुमी अडकल्या! आमी अख्खं पुस्तकच आयएमपी करून टाकलं!’

मॅडमनी मेथीची जुडी पिशवीत टाकली. ‘म्हणजे पोरं पुस्तक वाचून राहिली न? तेच तर पाह्यजे होतं मले!’

*

वानखडे सर निवृत्तीला आलेत. डोळे दुखतात, म्हणून त्यांना तपासायला सोपा पेपर हवा. गेल्या वर्षी त्यांनी सगळे बहुपर्यायी प्रश्न काढले, आणि सगळ्यांचं बरोबर उत्तर ‘ब’! शेजाऱ्याची दोन-तीन उत्तरं पाहून खाली सरसकट ‘ब’ ठोकणारे पास झाले. वर्गातला हुशार मुलगा तेवढा गळाला. रडवेला होऊन स्टाफरूममध्ये आला.

‘सर, मले सारे ‘ब’च वाटत होते. पण सारेच ‘ब’ कसे असतील म्हणून बदलवत गेलो!’

वानखडे सर चष्मा पुसत म्हणाले, ‘अभ्यास बराबर केला तू. मंग विचार कायले करत बसला?’

*

माझा नवरा सुधाकर आमच्याच विभागात होता. त्याच्या पेपरात पाचवा प्रश्न कायम एकच असायचा : ‘या सत्रात तुम्हाला काय समजलं नाही ते लिहा.’ खरं लिहिलं की पूर्ण गुण. पुढच्या सत्राची सुरुवात तो त्याच उत्तरांपासून करायचा.

आमच्या संस्थेचं दुसरं कॉलेज अकोल्यात आहे, आणि आमचे पेपर मंजूर करते तिथली समिती. तिचे प्रमुख देशमुख सर दर वेळी त्याला अडवायचे. ‘सुधाकरभाऊ, हा भूगोलाचा पेपर आहे का कबुलीजबाब?’

‘सर, जे येते ते पोरं चार प्रश्नांत लिहितात. मले उरलेलं पाह्यजे.’

एका वर्षी एका पोरानं लिहिलं, ‘सर, सगळं समजलं. फक्त भूगोल नाही समजला.’ सुधाकरनं पूर्ण गुण दिले. देशमुख सर पुढे लग्नाकार्यात हा किस्सा स्वतःच सांगायचे, आणि सुधाकरचा प्रश्न पेपरात राहायचा.

*

सुधाकर गेल्या उन्हाळ्यात गेला. त्याचा शेवटच्या वर्षाचा वर्ग माझ्याकडे आला, आणि पेपरही. मी पाचवा प्रश्न तसाच ठेवला आणि कागद घेऊन अकोल्याला गेले.

देशमुख सरांनी चहा मागवला. पाचव्या प्रश्नापाशी बोट ठेवलं.

‘वहिनी, भाऊची गोष्ट वेगळी होती. आता नियमात बसवावं लागते.’

‘पोरं वाट पाहतील, सर.’

‘त्याईले सवय होऊन जाईन.’

त्यांनी हळूच त्या प्रश्नावर लाल रेघ मारली. त्याचे गुण उरलेल्या चार प्रश्नांवर वाटले. मला आणखी बोलायला हवं होतं. बोलले असते, तर सुधाकरबद्दल बोलावं लागलं असतं. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं तरी तिकीट हातातच होतं.

परीक्षा झाली. छापील पेपरात चार प्रश्न होते. कुणी उभं राहिलं नाही, कुणी काही विचारलं नाही. सवय झाली म्हणायची, असं वाटलं, आणि त्याचंच जास्त लागलं.

रविवारी गठ्ठा सोडला. पहिल्या पेपरात चौथं उत्तर संपल्यावर एक ओळ सोडून मुलानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : ‘प्रश्न ५. या सत्रात तुम्हाला काय समजलं नाही ते लिहा.’ खाली उत्तर : पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, मग पाऊस गोड कसा, ते.

चुकून लिहिलं असेल, म्हणून दुसरा उघडला. त्यातही प्रश्न ५. तिसऱ्यातही.

मग मी लाल पेन खाली ठेवला आणि नुसती वाचत गेले.

नांदगाव खंडेश्वरहून रोज एसटीनं येणारी, मागच्या बाकावर बसणारी, वर्षभरात एक शब्द न बोललेली एक मुलगी आहे. तिचा पेपर तळाशी होता.

‘प्रश्न ५. या सत्रात तुम्हाला काय समजलं नाही ते लिहा.

उत्तर : पाचवा प्रश्न काहून गाळला, ते.’