आत गेलेली चिकाची किटली

आमच्या लॅबमध्ये डॉक्टरसाहेब मोठे की आकाराममामा मोठे, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं. कळंब्याच्या बाजूला जनावरांचे रोग तपासणारी ही छोटी खाजगी लॅब. मी दीपा, इथली टेक्निशियन, आणि मामा अटेंडंट. एकदा साहेब मास्क गळ्यात अडकवून आत निघाले, तर मामांनी दारात आडवा हात घातला. "गळ्यानं श्वास घेताय व्हय साहेब?" साहेब निमूट मागे फिरले.

मामांचा नियम एकच. आतल्या दारातून जे आत गेलं, ते ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर शिजल्याशिवाय बाहेर येत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ. माझा वाढदिवसाचा पेन मी आत विसरले, तो त्यातून वाकडातिकडा होऊन आला. दोन दिवस मी मामांशी बोलले नाही. आता नव्या पोरींना मीच दटावते, म्हणजे वाण नाही पण गुण लागलाच.

मामांचा हा कडकपणा दुखण्यातून आलाय. दहा वर्षांपूर्वी, लॅबच्या नोकरीआधी, शिरोळकडं थोरल्या बहिणीच्या गोठ्यात गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या, म्हशीचा जार, म्हणजे वार, त्यांनी उघड्या हातांनी ओढला. बोटाला थोडं कापलेलं होतं, तेवढं पुरलं. सहा महिने सकाळी बरं वाटायचं आणि संध्याकाळी ताप चढायचा. सांधे धरले, माणूस अंथरुणाला खिळला. हा ब्रुसेला जंतूंचा रोग, हे त्यांना फार उशिरा कळलं.

गेल्या वर्षी त्याच बहिणीची, अंबूबाईंची, दुसरी म्हैस गाभडली. मामांनी फोनवरून फर्मान सोडलं. वासरू चुना टाकून पुरा, रक्त तपासायला पाठवा, तोवर डेअरीला दूध घालू नका. अंबूबाई तेव्हा नेमक्या डेअरीच्या रांगेत होत्या आणि फोन स्पीकरवर होता. गावभर बोभाटा झाला. भावानंच माझा गोठा रोगी ठरवला म्हणून त्यांनी रक्तही पाठवलं नाही आणि बोलणंही टाकलं. भाऊबीजेला मामा ड्युटीवर आले.

मग एका मंगळवारी अंबूबाई स्वतःच हजर. तीच म्हैस यंदा सुखरूप व्याली होती. एका हातात गावच्या डॉक्टरांनी काढून दिलेली रक्ताची नळी, दुसऱ्या हातात भावासाठी चिकाची किटली. नमुने बाहेरच्या खिडकीतून घेतो आम्ही. पण खिडकी परक्यांसाठी, असं धरून बाई दार ढकलून थेट आत आल्या आणि गाभडलेल्या जनावरांच्या नमुन्यांशेजारी त्यांनी किटली टेकवली.

मामा गाऊन, मास्क, चष्म्यात होते. नुसते डोळे दिसत होते आणि ते भरून आलेले मी पाहिले. मग ते डोळे किटलीवर गेले.

"आक्का, किटली आत आली. आता खाता येत न्हाय."

"सकाळीच काढलाय. तुझ्यासाठनं आणला."

"व्हय. पण आत आली."

चीक टाकला तर म्हैस आटते असं मानणारी माणसं ही. अंबूबाईंचा चेहरा पडला. "अजून रोगीच म्हणतोस तर," एवढं बोलून त्या बाहेर गेल्या आणि आवारातल्या बाकावर जाऊन बसल्या.

मला मामांचा खरंच राग आला. वर्षानं आलेली बहीण, किटली पुसून उकळला असता चीक, तर काय आभाळ कोसळलं असतं? पण मी आधी रक्त तपासलं. चाचणी चांगली आली, म्हशीला रोग नव्हता. तोवर मामांनी किटली घालून लावलेलं ऑटोक्लेव्हही उघडलं होतं. आत चिकाचा सुरेख खरवस झालेला, त्याचा वास सगळ्या लॅबभर. मामा थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी तो कचऱ्याच्या पिशवीत रिकामा केला. चिकाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून त्यांनी किटली धुऊन दाराबाहेर दिली आणि चहाच्या गाड्यावरून साखर आणून तिच्यात भरायला मला सांगितलं. गाऊन, मास्क, चष्मा, हातमोजे उतरवून ते तसेच बाकाकडं धावले. मीही किटली घेऊन मागोमाग गेले.

"आक्का, म्हशीला काय न्हाय. चांगली हाय."

अंबूबाईंनी साखर बघितली, पण किटली घेतली नाही.

"सूनबाई पोटुशी हाय, अनुजा. म्हस व्याली तवा जार वडाय धावली. मी तिला गोठ्याच्या भायेर उभी केली. मेडिकलातनं हातमोजं आणलं, घातलं, मग मी वडला. घरातली हसली, म्हातारी आकारामावर गेली म्हणली."

"मग वर्षभर बोलली का न्हाईस?"

"बोलायचं न्हवतं, म्हणून ऐकायचं न्हवतं व्हय? सा म्हैनं तुझा ताप कुणी काढला? मीच की. माझ्या गोठ्यातच लागला हुता त्यो तुला."

मामा मटकन बाकावर बसले आणि भर दुपारी आमच्यादेखत रडायला लागले. डोळे पुसायला हात वर गेला, तेवढ्यात अंबूबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आदी सांग, हात धुतलंस का?"