वरच्या मजल्यावरची संघटना

तिला अध्यक्ष केलं तेव्हा ती सभागृहात नव्हतीच.

विभागातल्या आर्किटेक्टांच्या संघटनेची वार्षिक सभा चालू होती. जुने अध्यक्ष लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते, आणि त्यांच्या जागी कोण, या प्रश्नावर सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले होते. तेवढ्यात तिला साइटवरून गवंड्याचा फोन आला. दवाखान्याचं काम चालू होतं आणि खिडकीची चौकट उलटी बसली होती. ती व्हरांड्यात गेली, गवंड्यावर यथेच्छ ओरडली आणि परत आली, तर आत टाळ्यांचा कडकडाट. कुणाचा तरी सत्कार असेल म्हणून तिनेही मनापासून टाळ्या वाजवल्या.

शेजारचा म्हणाला, "अहो, तुम्ही कशाला वाजवताय? तुमच्याचसाठी आहेत त्या."

"म्हणजे? मला विचारलं का कुणी?"

"एकमताने झालंय," सेक्रेटरी वहीतून डोकं वर न काढता म्हणाले. त्यांना सगळे पाठीमागे 'ठराव' म्हणत, कारण खिडकी उघडायची झाली तरी अनुमोदन कुणाचं, हे ते आधी विचारत. "आपल्याकडे एकमत होणं दुर्मीळ, मॅडम. मोडू नका."

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. तो कॉलेजात गणित शिकवायचा आणि त्याला सगळ्याचं उत्तर सोपं वाटायचं. "मग नाही म्हणायचंस ना."

"म्हटलं मी. इतिवृत्तात 'नम्रपणे स्वीकार केला' असं लिहिलंय."

सासूबाईंना मात्र आभाळ ठेंगणं झालं. दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना बातमी गेली. "आमच्या सूनबाई अध्यक्ष झाल्या. बिनविरोध!"

"आई, बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं."

"तेच ते," सासूबाई म्हणाल्या.

तशी ती काही नाव गाजवलेली आर्किटेक्ट नव्हती. दवाखाने, शाळांच्या जादा खोल्या, कुणाच्या घरावर चढवलेला मजला, अशी कामं ती करायची. बक्षीस कधी मिळालं नव्हतं आणि गळकं छतही कधी निघालं नव्हतं. दोष एकच. कुणाचं अर्धवट टाकलेलं काम दिसलं की तिचे हात शिवशिवत. या स्वभावानेच आपला घात केला, असं तिचं स्वतःचं मत होतं.

पहिल्या महिन्यातच तिला कळलं की अध्यक्षपद म्हणजे तक्रारीची खिडकी. एकाला लेटरहेडवरचं अक्षर फार जाड वाटत होतं. दुसऱ्याच्या नकाशातली बाल्कनी तिसऱ्याने चोरली होती. तो तिसरा म्हणत होता की बाल्कनी काय कुणाच्या बापाची असते का. परवाने देणाऱ्या कार्यालयाने नवी संगणक प्रणाली आणली होती. ती नकाशे गिळायची आणि पोचही द्यायची नाही. त्याबद्दल सगळे तिलाच फोन करायचे, जणू ती प्रणाली तिनेच प्रसवली होती.

मग एक दिवस सरांचा फोन आला. विभागातल्या निम्म्याअधिक आर्किटेक्टांना सरांनीच शिकवलं होतं, तिलाही. वर्गात ते जिना काढायला सांगत आणि पायरीचं माप चुकलं की कागद शांतपणे टरकावत.

"आता मी सभांना येणार नाही," सर म्हणाले. "गुडघे बोलायला लागलेत. सगळ्यांना सांग."

तिने फोन ठेवला आणि तिचं डोकंच फिरलं. संघटनेचं सभागृह वरच्या मजल्यावर होतं आणि तिथला जिना इतका उभा आणि अरुंद, की सरांनी तो परीक्षेत पाहिला असता तर कागदाचे तुकडे केले असते. आणि हीच संघटना दरवर्षी पत्रक काढायची की प्रत्येक सार्वजनिक इमारतीत रॅम्प हवा, लिफ्ट हवी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने बैठकीत विषय मांडला. साधी छोटी लिफ्ट, मागच्या भिंतीला.

"मागे कशाला? पुढे हवी, पूर्ण काचेची," एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. त्यांच्या सगळ्या इमारती काचेच्या होत्या, म्हणून त्यांना काचवाले म्हणत.

"इमारतीचा चेहरा बिघडेल!"

"या इमारतीला चेहरा आहे?"

"आधी तत्त्वतः लिफ्ट हवी का, ते ठरवू."

"मी म्हणतो, स्पर्धा ठेवू. नव्या पिढीला संधी."

"परीक्षक कोण?"

यावर दोन तास गेले. शेवटी एक समिती नेमली गेली. त्या समितीने पुढच्या बैठकीत एक उपसमिती नेमली. उपसमितीने लिफ्टच्या बटणांचा रंग सोडून कशावरही निर्णय घेतला नाही, आणि रंगावरही एकाचं वेगळं मत होतंच. बारभाईची शेती, काय लागेल हाती! तिकडे दवाखान्याच्या साइटवर तिचं लक्ष नाही म्हणून न्हाणीघराचं दार आतल्या बाजूला उघडणारं बसलं. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर दार उघडणार कसं? ते काढून पुन्हा बसवावं लागलं. त्या दिवशी ती घरी आली ती पर्स सोफ्यावर आपटतच.

"अख्ख्या विभागाला घरं बांधून देणारी माणसं ही! आणि स्वतःच्या घरात एक म्हातारा माणूस वर नेता येत नाही."

"माणूस वर जात नसेल तर," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "सभा खाली आण."

तिला त्याचा भयंकर राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

खाली संघटनेचीच एक मोठी खोली होती. तिला गोदाम म्हणत. सदस्यांनी वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या पुठ्ठ्याच्या आणि थर्माकोलच्या प्रतिकृती तिथे धूळ खात पडल्या होत्या. न बांधलेली नाट्यगृहं, न बांधलेली रुग्णालयं, एक आख्खं न बांधलेलं गाव. आपापलं घेऊन जा, असं तिने सगळ्यांना कळवलं. कुणी फिरकलं नाही. मग तिने कळवलं की उरेल ते रविवारी भंगारवाला नेईल. रविवारी झाडून सगळे हजर.

नुसता गोंधळ. हे माझं, ते तुझं, छप्पर कुणी मोडलं. त्या गर्दीत काचवाले मात्र एका कोपऱ्यात उकिडवे बसले होते. त्यांच्यासमोर एक वाचनालय होतं, हातभर लांबीचं. त्यात काच अशी नव्हतीच. जाड भिंती, छोट्या खोल खिडक्या आणि मधे एक अंगण.

"हे तुमचं?" तिला खरंच वाटेना.

"पहिलं काम. मंजूर झालं होतं. मग जागाच रद्द झाली." ते फुंकर मारून अंगणातली धूळ उडवत होते. "घरी नेलं तर बायको मला याच्यासकट बाहेर ठेवेल. एक आठवडा द्या ना, काहीतरी सोय करतो."

एक आठवडा म्हणजे एक वर्ष, हे ती आता शिकली होती. "माझ्या ऑफिसात ठेवते, खिडकीपाशी. पण लिफ्टबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही."

काचवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, वाचनालयाकडे पाहिलं आणि मान डोलावली. उपसमिती तिथेच बरखास्त झाली. 'ठराव' बिचारे अनुमोदक शोधत राहिले.

खोली झाडली, रंगवली, खुर्च्या खाली आणल्या. पहिल्या सभेला सरांना त्यांची सून गाडीतून घेऊन आली. सर काठी टेकत दारात थांबले, खाली पाहिलं आणि म्हणाले, "उंबरा उंच आहे." मग आत येऊन बसले. खोली कायमची सभेसाठी ठेवावी, असा ठराव तिने मांडताच त्यांनीच पहिला हात वर केला.

"माझा विरोध आहे. छत खाली आहे, उजेड नाही आणि मधोमध खांब. ही खोली मी दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही पास केली नसती."

तिचा तोल गेला. "सर! हे सगळं तुमच्यासाठी केलंय! तुमचे गुडघे..."

"गुडघे दुखतातच. पण जिना मी चढलो असतो, सावकाश." सरांनी शांतपणे काठी मांडीवर घेतली. "मला कंटाळा आला होता तो तुमच्या सभांचा. तसं तोंडावर कसं सांगायचं?"

हशा पिकला. तिला मात्र तो उंबरा उपटून कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला. इतक्या महिन्यांची उरस्फोड, आणि कशासाठी? सरांचंच ऐकून आता चार-पाच जण खांबावर बोलायला उठलेही होते.

तेवढ्यात दारात खट्ट आवाज झाला. चाकाच्या खुर्चीतला एक माणूस आत येऊ बघत होता आणि पुढची चाकं उंबऱ्याला अडली होती. क्षणभर कुणी ओळखलं नाही. मग काचवाले उठले. तो संघटनेचाच जुना सदस्य होता. बऱ्याच वर्षांपूर्वी साइटवर परांचीवरून पडला होता. सगळे तेव्हा भेटायला गेले होते, हळहळले होते आणि मग कामाला लागले होते.

"सभा खाली आहे असं वाचलं," तो म्हणाला. "म्हणून आलो."

"इतकी वर्षं कळवलं का नाहीस?" कुणीतरी विचारलं.

"काय कळवणार? जिना तुम्हालाही दिसत होता."

ती सरांचे गुडघे सरांचे गुडघे करत बसली होती, आणि या माणसाचं नाव दर वर्षी सदस्यांच्या यादीत वाचूनही तिच्या मनात काही आलं नव्हतं. मग एकाने मांडणीची फळी उपसली, दुसऱ्याने खाली पाचर मारली, सर बसल्या जागेवरून "उतार जास्त होतोय, मागे घ्या" म्हणून ओरडले, आणि खुर्ची आत आली. ठराव मंजूर झाला. सरांनी तरीही विरोधातच मत दिलं आणि तसं नोंदवायला लावलं.

आभार मानून ती उठणार तोच त्या माणसाने हात वर केला. "अध्यक्ष, एक प्रश्न. स्वच्छतागृह कुठे आहे?"

ते वर होतं.

ती डोक्याला हात लावून मटकन बसली. सरांनी आनंदाने काठी आपटली. आता आपल्याला सभांचा कंटाळा येणार नाही, असं ते जाताना सुनेला म्हणाले.

खालचं स्वच्छतागृह झालं, फरश्यांच्या रंगावरून दोन राजीनामे येऊन आणि परत घेतले जाऊन. तिची मुदत संपली तेव्हा तिने स्वतःहून पुन्हा नाव दिलं, आणि नवऱ्याने काही विचारायच्या आत "एक शब्द बोलू नकोस" म्हणून बजावलं. चाकाच्या खुर्चीतला तो माणूस आता एकही सभा चुकवत नाही. तो भलताच कटकट्या निघाला. विभागातल्या एकेका इमारतीच्या दारांची रुंदी मोजून तो तिला सकाळी चहाच्या वेळी फोन करतो. ती त्याच्यावर खेकसते, तोही तिच्यावर खेकसतो, आणि मग दोघं मिळून कुणाला धारेवर धरायचं ते ठरवतात.